‘देवाची इच्छा’ म्हणणारे आम्ही

एखाद्या घरी लहान मूल दगावले की आपल्या धर्मग्रामांत एक वाक्य शवपेटीच्याही आधी त्या घरी पोहोचते : ‘देवाची इच्छा.’ त्याच्या पाठोपाठ दुसरे येते. देवाला आपल्या बागेसाठी एक कोवळी कळी हवी होती, ती त्याने खुडून नेली. तिसरे दफनभूमीच्या वाटेवर ऐकू येते : रडू नका, तुमचे बाळ देवदूत झाले. ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. शोकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून जेवणाचे डबे घेऊन आलेल्या शेजारणी, ओटीवर बसून जपमाळेची प्रार्थना सांगणारे वृद्ध, आणि आम्ही धर्मगुरू, अशीच ती माणसे असतात. तरीही आमचे म्हणणे असे आहे की, हे वाक्य असत्य आहे, निर्दय आहे आणि त्याला आपण समजतो तसा ख्रिस्ती श्रद्धेचा आधार नाही. हे आम्ही थोड्या कठोर शब्दांत मांडणार आहोत. वाचकांनी राग मानू नये. कारण हे वाक्य सर्वाधिक वेळा आम्हीच उच्चारले आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही नवखे सहायक धर्मगुरू असताना, एका घरी गेलो होतो. सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याचे आईवडील पहाटेच्या लोकलने त्याला मुंबईच्या रुग्णालयात नेत आणि रात्री परत आणीत. आठ महिने हे चालले. बापाने वाडीचा तुकडा गहाण टाकला. आईने आपल्या बांगड्या मोडल्या. मूल गेले. दारात उभे राहून आम्ही त्या माउलीला म्हणालो, “बाई, देवाच्या इच्छेपुढे आपले काय चालणार?” तिने वर पाहिले. डोळ्यांत पाणी नव्हते. ती म्हणाली, “फादर, देवाला हेच हवं होतं, तर मग आठ महिने आम्ही कोणाशी भांडत होतो?”

आम्ही उत्तर दिले नाही. क्रूसाची खूण केली आणि प्रार्थनेला प्रारंभ केला. सेमिनरीत आठ वर्षे काढलेल्या माणसाला त्या बाईच्या एका वाक्याने निरुत्तर केले होते.

हा प्रसंग पुन्हा आठवण्याचे कारण एक पुस्तक. सेमिनरीतील एका सहाध्यायाने ते आम्हांला वाचावयास दिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेले हे अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स एव्हरेट कूप यांचे आत्मकथन होय : ‘कूप : द मेमॉयर्स ऑफ अमेरिकाज फॅमिली डॉक्टर’. कूप यांचा जन्म १९१६ साली ब्रुकलिन येथे झाला आणि २०१३ साली, वयाच्या शहाण्णवव्या वर्षी, ते निवर्तले. ते कॅथलिक नव्हते. फिलाडेल्फियातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे ते निष्ठावंत सभासद होते. पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्या सरकारी कारकिर्दीविषयी आहे. १९८२ पासून १९८९ पर्यंत ते अमेरिकेचे सर्जन जनरल होते, धूम्रपान आणि एड्स या विषयांवर त्यांनी निर्भीड भूमिका घेतल्या. तो भाग आम्ही भराभर वाचला. आमचे लक्ष वेधले ते आधीच्या तीन दशकांनी. १९४८ ते १९८१ या काळात ते फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक होते. नुकत्याच जन्मलेल्या, कधी दोन किलो वजनाच्यासुद्धा नसलेल्या जिवांवर शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे नित्याचे काम.

कूप यांनी आरंभ केला तेव्हा मुलांची शल्यचिकित्सा हे स्वतंत्र शास्त्र म्हणून अमेरिकेत जेमतेम उभे राहत होते. तान्ह्या बाळाला भूल द्यावयास भले भले डॉक्टर धजत नसत. मोठ्या माणसांची हत्यारे, मोठ्यांच्या मात्रा आणि मोठ्यांचेच अंदाज मुलांना लावले जात. अन्ननलिकेच्या जन्मजात व्यंगाचे उदाहरण घ्या. काही बालकांची अन्ननलिका जठरापर्यंत पोहोचतच नाही. वरचा भाग बंद पिशवीसारखा संपतो आणि खालचा भाग पुष्कळदा श्वासनलिकेला जोडलेला असतो. बाळाला पाजले की दूध पोटात जात नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत असे बाळ जवळजवळ निश्चित दगावत असे. १९४१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे डॉ. कॅमेरॉन हाइट यांनी एकाच शस्त्रक्रियेत ही दोन टोके यशस्वीपणे जोडली. पुढे कूप आणि त्यांच्यासारख्या इतरांनी ती शस्त्रक्रिया नित्याची केली. १९५६ साली त्यांनी आपल्या रुग्णालयात नवजात बालकांच्या शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग उभारला. तो त्या देशातील पहिला मानला जातो. सेवेच्या अखेरच्या वर्षांत, पूर्ण दिवस भरून जन्मलेले आणि या व्यंगासाठी शस्त्रक्रिया केलेले बाळ आपल्या हातून सहसा जात नसे, असे ते समाधानाने सांगतात.

आता आम्हांला सांगा, या बाळांविषयी देवाची इच्छा काय होती? १९३५ साली त्यांनी मरावे आणि १९७५ साली त्यांनी जगावे, अशी? रक्ताच्या कर्करोगाचेही तेच. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने हा आजार मुलांत काही काळ मागे हटवता येतो हे प्रथम दाखवून दिले. त्यापूर्वी काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, मूल जात असे. आज या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, सुसज्ज रुग्णालयांतून वेळेवर उपचार मिळालेली दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. या काळात देव बदलला नाही. बदलले ते माणसांचे ज्ञान, त्यांची चिकाटी आणि हार मानण्यास त्यांनी दिलेला नकार. ज्याला आमचे पूर्वज देवाची इच्छा म्हणत, ते पुष्कळदा आमचेच अज्ञान होते. आणि आज ज्याला आम्ही देवाची इच्छा म्हणतो, ते पुष्कळदा आमचे दारिद्र्य, आमचा विलंब, किंवा चाळीस किलोमीटरच्या आत बालरोगतज्ज्ञ नसणे हे असते. या साऱ्याचे खापर देवाच्या माथी फोडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

त्या माउलीचा प्रश्न येथेच टोचतो. मुलाचे मरण ही जर देवाची इच्छा, तर त्याला वाचवू पाहणारा डॉक्टर देवाचा वैरी ठरतो. रात्रभर जागणारी परिचारिका देवाची वैरी ठरते. रक्त देणारा शेजारी, कर्ज काढणारा बाप, सारेच देवाविरुद्ध बंड करणारे ठरतात. असे मानणारा धर्म जगात कोठे असेलही. परंतु तो ख्रिस्ताचा धर्म नव्हे. प्रभू येशू आजाऱ्यांना भेटला, तेव्हा ‘ही पित्याची इच्छा, सोसा’ असे त्याने एकालाही सांगितल्याचे शुभवर्तमानात आढळत नाही. तो त्यांना बरे करीत असे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. आमच्या धर्मग्रामांत तो प्रश्न अजून जिवंत आहे, हे सांगताना आम्हांला लाज वाटते. व्यंग असलेल्या मुलाच्या आईला ‘काय नवस चुकला होता?’ असे विचारणारी जीभ रविवारी परमप्रसाद स्वीकारते.

येथे कोणी म्हणेल, फादर, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही प्रार्थना तर खुद्द प्रभूने शिकवली. ईयोबानेही सारे गमावल्यावर देवाचे नाव धन्य मानले. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर त्या वाक्यांच्या वक्त्यांत आहे. गेथशेमाने बागेत ते शब्द प्रभूने स्वतः, स्वतःविषयी, घामाच्या धारांत उच्चारले. शिष्यांनी ते त्याला ऐकवले नाहीत. शिष्य झोपले होते. ईयोबाने ते स्वतःच्या दुःखात म्हटले. त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तोवर ते मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले, देवाची बाजू मांडू लागले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने दोष दिला तो या वकिलांनाच. देवाच्या इच्छेला शरण जाणे हा दुःखिताचा स्वतःचा प्रवास आहे. त्याला किती वर्षे लागतील, हे त्याचे त्याने ठरवावे. तो घास दुसऱ्याच्या तोंडात कोंबता येत नाही.

कूप यांच्या पुस्तकातील एक प्रकरण येथे सांगितलेच पाहिजे. १९६८ साली त्यांचा वीस वर्षांचा मुलगा डेव्हिड न्यू हॅम्पशायरमधील कॅनन पर्वताचा कडा चढताना मृत्यू पावला. जो माणूस वीस वर्षे इतरांची मुले वाचवीत आला, त्याला स्वतःच्या मुलाजवळ पोहोचतासुद्धा आले नाही. कूप पतिपत्नींनी या दुःखावर १९७९ साली ‘समटाइम्स माउंटन्स मूव्ह’ हे छोटे पुस्तक लिहिले. देव सार्वभौम आहे, त्याच्या हातून काही निसटत नाही, या श्रद्धेने आपल्याला तारले, असे त्यांनी मनापासून लिहिले. आम्ही त्यांच्या ईश्वरविद्येशी पूर्णपणे सहमत नाही. संत थॉमस अक्विनस यांनी, देव एखादी गोष्ट इच्छितो आणि एखादी घडू देतो, यांत भेद केला आहे, आणि तो भेद आम्हांला मोलाचा वाटतो. (हा भेदही सेमिनरीच्या वर्गातच राहू द्यावा. शोकाच्या घरी तो सांगणाऱ्या एका सहकाऱ्याला आम्ही पाहिले आहे. तो प्रसंग न सांगितलेला बरा.) तरीही कूप यांच्या त्या श्रद्धेपुढे आम्ही मान लववतो, कारण ती त्यांची स्वतःची आहे, स्वतःच्या जखमेतून आलेली.

आणि आता पुढचे पाहा. कोणालाही वाटेल, की मुलगा गमावलेला हा श्रद्धावंत डॉक्टर यानंतर इतर आईबापांचे सांत्वन अधिक चांगले करू लागला असेल. त्यालाही तसेच वाटले होते. परंतु तो प्रांजळपणे कबूल करतो, की दीर्घ काळ आपण त्या कामाला अधिकच असमर्थ झालो. मुलाच्या मृत्यूविषयी बोलू लागताच डोळे भरून येत आणि पुढे क्वचितच ते कोरडे राहिले. ज्याला देवाच्या सार्वभौमत्वाविषयी तीळमात्र शंका नव्हती, तो दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी बोलू शकत नव्हता. आणि आम्ही, ज्यांनी काहीच गमावलेले नाही, दारातून आत पाऊल टाकण्यापूर्वीच बोलून मोकळे होतो!

दिवंगत पोप फ्रान्सिस २०१५ च्या जानेवारीत मनिला येथे गेले असताना, रस्त्यावरचे जिणे भोगलेल्या एका मुलीने रडत रडत त्यांना विचारले, की देव हे मुलांच्या वाट्याला का येऊ देतो? पोपमहाशयांनी लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवले. या प्रश्नाला उत्तर नाही, असे त्यांनी मान्य केले आणि जमलेल्या लोकांना रडावयास शिकण्याचे आवाहन केले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही, दुःखाच्या प्रश्नाला झटपट उत्तर पुरणार नाही, असेच म्हटले आहे. तेव्हा आम्ही येथे काही नवे पाखंड मांडत नाही. झटपट उत्तर देणारेच शिकवणुकीच्या बाहेर आहेत.

या वाक्याचा एक आधुनिक भाऊ आहे, तोही ओळखून ठेवला पाहिजे. १९८२ साली गुड फ्रायडे ९ एप्रिलला होता. त्या दिवशी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन गावी एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि वर सांगितलेले अन्ननलिकेचे व्यंगही. शस्त्रक्रिया उपलब्ध होती आणि काही डॉक्टरांनी ती सुचवलीही. मात्र प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी या मुलाच्या पुढील आयुष्याचे निराशाजनक चित्र रंगवले आणि पालकांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. राज्यातील न्यायालयांनी पालकांचा निर्णय उचलून धरला. बाळाला दत्तक घेण्यास तयार असलेली दांपत्ये पुढे आली. त्याला अन्न देण्यात आले नाही. वकील देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेत असतानाच, १५ एप्रिलच्या रात्री, सहा दिवसांचे आयुष्य संपले. कूप तेव्हा सर्जन जनरल होऊन तीन महिनेही झाले नव्हते. हेच व्यंग त्यांनी आपल्या हातांनी कितीदा दुरुस्त केले होते! त्यांच्या पुस्तकातील या पानांत संताप आहे, आणि तो आम्हांला पवित्र वाटतो.

त्या मातापित्यांचा न्याय करणे आमचे काम नव्हे. परंतु तेथला युक्तिवाद ओळखीचा आहे. तेथे शब्द ‘जीवनाचा दर्जा’ असा होता. आमच्याकडे ‘देवाने सोडवले’ असा असतो. व्यंग असलेले मूल गेले की आमच्या बायाबापड्या किती सहज म्हणतात, “सुटलं बिचारं; आईवडीलही सुटले!” दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच : त्या जिवासाठी कोणी काही करणे लागत नव्हते, असा सर्वांना मिळालेला निर्वाळा. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने काय केले ते आठवा. लोक विस्मयाने थक्क झाले होते आणि तो मात्र तिला काही खावयास द्या म्हणून सांगत होता.

उलट बाजूनेही एक शंका येते. देवाची इच्छा म्हणावयाचे नाही, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत नळ्या, व्हेंटिलेटर आणि यंत्रे यांच्याशी झुंजत राहावयाचे काय? नाही. मरणाची क्रिया लांबवणे आणि जीवनाला त्याचा हक्काचा वाटा देणे यांत कूप स्पष्ट फरक करीत. पोप बारावे पायस यांनी तर २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, असाधारण उपायांची सक्ती कोणावर नाही, असे सांगून ठेवले आहे. व्हेंटिलेटर काढू दिला म्हणून आयुष्यभर पापाच्या भयाने झुरणारे आईबाप आम्हांला पापनिवेदनाच्या वेळी भेटतात. त्यांना ही शिकवण वेळेवर सांगणे आमचे कर्तव्य होते. ब्लूमिंग्टनच्या बाळानंतर अमेरिकेने १९८४ साली केलेल्या कायद्यातही हाच विवेक दिसतो : उपचार निष्फळ असतील किंवा केवळ मरण लांबवीत असतील तर ते थांबवता येतात; परंतु योग्य पोषण, पाणी आणि औषध थांबवता येत नाही.

आणि निर्णय अवघड असेल तेव्हा काय करावे, याचाही नमुना या डॉक्टरांच्या आयुष्यात आहे. १९७७ साली त्यांच्याकडे जुळ्या बहिणी आल्या. छातीशी जोडलेल्या, दोघींत मिळून एकच हृदय. वेगळे केले तर एक निश्चित मरणार, न केले तर दोघी. आईवडील सनातनी यहुदी होते. त्यांनी रब्बी मोशे फाइनस्टाइन यांना विचारले. रब्बींनी कित्येक दिवस प्रश्नोत्तरे केली, डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारले, शास्त्र पडताळले आणि मग अनुमती दिली. रुग्णालयातील कॅथलिक परिचारिकांनी आपल्या धर्मगुरूंना विचारले. वाचलेली बहीणही पुढे फार दिवस जगली नाही. या शस्त्रक्रियेविषयी आमच्या मनात आजही शंका आहे. परंतु त्या वृद्ध रब्बींनी दोन तान्ह्या मुलींसाठी जेवढे दिवस विचार केला, तेवढे क्षण तरी आम्ही आपल्या वाक्याचा करतो काय?

‘देवाची इच्छा’ लोकप्रिय का आहे, याचे एक कारण उघड आहे : ते फुकट आहे. त्यासाठी रक्त द्यावे लागत नाही, रुग्णालयाच्या पायरीवर रात्र काढावी लागत नाही, आजारी मुलाच्या भावंडांना महिनाभर आपल्या घरी जेवू घालावे लागत नाही. फेस्तच्या बँडसाठी आणि रोषणाईसाठी आमच्याकडे वर्गणी जमते. आजारी मुलांसाठी निधी काढावा अशी सूचना आली, की ‘प्रत्येकाचे नशीब’ असे म्हणणारा कोणीतरी उठतो. नशीब हा शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडी कोठून आला, हे आम्ही त्याला एकदा विचारलेही. तो रागावून सभेतून निघून गेला. निधी त्या वर्षी झाला नाही. दुसऱ्या वर्षी झाला, पण लहान.

लहान मुलांच्या दफनविधीची चार प्रवचने आमच्या जुन्या वहीत आहेत. परवा ती काढून वाचली. चारांपैकी तिघांत कळी आहे. एकात तर माळी, बाग, कुंपण, सारेच आहे आणि कडेला समासात ‘येथे थांबणे’ अशी सूचना आहे, म्हणजे लोकांना रडता यावे. ती पाने आम्ही फाडली. येत्या धर्मगुरूंच्या मासिक सभेत, बालकांच्या दफनविधीत ही उपमा कोणी वापरू नये, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. हसू होईल, याची तयारी आहे.

ती माउली आजही त्याच धर्मग्रामात राहते. आम्ही तेथून बदलून आलो त्याला अठरा वर्षे झाली. मुलाची कबर दरवाजाच्या उजव्या हाताला आहे, हे आम्हांला आठवते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिनी, तेथील फादरांनी आम्हांला मिस्सासाठी बोलावले आहे. मिस्सा झाल्यावर तिच्या घरी जावे, असे ठरवले आहे. काय बोलावे ते अद्याप सुचलेले नाही.